दोन सर्व्हरवरच्या ॲप्समधला रिमोट ईजेबी कॉल परत परत का तुटतो आणि नेमकं कुठे बघायचं

एक ॲप्लिकेशन एका सर्व्हरवर, दुसरं दुसऱ्यावर, आणि पहिल्यातून दुसऱ्यातलं ईजेबी (एंटरप्राइझ जावा बीन, म्हणजे सर्व्हरवर चालणारा आणि बाहेरून बोलवता येणारा जावा कोडचा घटक, थोडक्यात 'बीन') बोलवायचं, गरज एवढीच असते. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर चालतं, यूएटीत (वापरकर्त्यांच्या चाचणीच्या सर्व्हरवर) चालतं, आणि शनिवारी रात्री प्रॉडक्शनला टाकलं की 'रिमोट कॉल होत नाहीये' असं तिकीट येतं. मग कोणीतरी दोन्ही सर्व्हर रिस्टार्ट करतं, कधी चालू होतं कधी नाही, चालू झालं की सगळे घरी जातात आणि पुढच्या रिलीझला परत तेच. मुंबईत बँका, विमा, ब्रोकिंग यांच्या ज्या जुन्या जावा सिस्टिम आहेत त्यात हे दुखणं फार दिसतं, कारण तिथे एकेका कामाचं वेगळं ईएआर (ॲपचं पूर्ण पॅकेज, ज्याच्या आत जार आणि वॉर ही छोटी पॅकेज असतात) असतं आणि ती ईएआर वेगवेगळ्या टीमकडे, वेगवेगळ्या मशीनवर असतात.

मी मिडलवेअर सपोर्टमध्ये आहे, हेच दिवसभर बघतो, त्यामुळे ठामपणे सांगतो की हे एक दुखणं नाहीच. तिकिटात वाक्य एकच असतं पण आत चारपैकी काहीतरी वेगळंच तुटलेलं असतं: नाव सापडत नाही, किंवा वाट बंद आहे, किंवा ओळख पटत नाही, किंवा क्लास जुळत नाही. यातलं कुठलं ते ठरवल्याशिवाय रिस्टार्टला हात लावू नका, कारण रिस्टार्टने यातलं एखादं तात्पुरतं झाकलं जातं आणि पुरावाही जातो. खाली मी 'पोर्टल' म्हणजे बोलवणारं ॲप आणि 'बिलिंग' म्हणजे ज्यात बीन आहे ते ॲप असं धरून लिहितोय.

पहिली गोष्ट पटकन सांगून टाकतो. पोर्टलमध्ये नुसतं @ईजेबी ॲनोटेशन लावून दुसऱ्या सर्व्हरवरचं बीन मिळणार नाही, कंटेनर (बीन चालवणारा सर्व्हरचा भाग) ते आपल्याच ॲपमध्ये शोधतो. आणि 'जावा:ग्लोबल' ने सुरू होणारं नाव, जे ईजेबी ३.१ मध्ये म्हणजे २००९ च्या जावा ईई ६ बरोबर सगळ्या सर्व्हरसाठी सारखं ठरवलं गेलं, त्याची हद्दही त्या सर्व्हरपुरतीच. पोर्टलच्या सर्व्हरवर 'जावा:ग्लोबल' विचारलं तर तो स्वतःच्याच झाडात बघणार आणि नेमनॉटफाउंड एक्सेप्शन देणार, बिलिंगच्या मशीनकडे तो जाणारच नाही. दुसऱ्या मशीनचा पत्ता कुठेतरी द्यावाच लागतो, एकतर इनिशियल कॉन्टेक्स्टच्या (नावं शोधायला कोडमध्ये बनवतात त्या ऑब्जेक्टच्या) प्रॉपर्टीजमध्ये नाहीतर सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये. पत्ता कोडमध्ये ठोकून बसवू नका, डीआर ड्रिलच्या (पर्यायी डेटा सेंटरवर जाण्याच्या सरावाच्या) दिवशी तो बदलायला कोणाला वेळ नसतो.

लुकअप झालं म्हणजे कॉल होईल असं नाही

यावर मी जरा जास्त लिहितोय कारण लोकांचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. वाइल्डफ्लाय किंवा जेबॉस ईएपी हे ॲप्लिकेशन सर्व्हर वापरत असाल तर नाव असं असतं: 'ईजेबी:ॲप/मॉड्यूल/डिस्टिंक्ट/बीन!इंटरफेस', इंटरफेसचं नाव पॅकेजसकट पूर्ण. स्टेटफुल बीन (दोन कॉलमध्ये क्लायंटची माहिती लक्षात ठेवणारं) असेल तर शेवटी प्रश्नचिन्ह लावून 'स्टेटफुल' लिहायचं. आता हे लुकअप केलं, म्हणजे या नावाने बीन मागितलं, की तुमच्याकडे प्रॉक्सी (खऱ्या बीनच्या वतीने कॉल पुढे नेणारा ऑब्जेक्ट) येते, एक्सेप्शन येत नाही, आणि लोक म्हणतात लुकअप तर झालंय म्हणजे नाव बरोबर आहे, मग नेटवर्कवाल्यांच्या मागे लागतात. पण स्टेटलेस बीनची ही प्रॉक्सी पोर्टलच्याच जेव्हीएममध्ये (जावाच्या प्रोसेसमध्ये) तयार होते, बिलिंगच्या सर्व्हरला कोणी काही विचारलेलंच नसतं. इंटरफेस सोडून बाकी नावात काय वाट्टेल ते लिहा, प्रॉक्सी मिळेल. खरी परीक्षा पहिली मेथड मारली की होते, आणि तिथे जुन्या व्हर्जनमध्ये 'ईजेबीक्लायंट००००२५: नो ईजेबी रिसीव्हर अव्हेलेबल' आणि नवीनमध्ये 'ईजेबीक्लायंट००००७९: अनएबल टू डिस्कव्हर डेस्टिनेशन' असं येतं. हा मेसेज दोन्ही कारणांनी येतो, बिलिंगपर्यंत कनेक्शनच नाही तेव्हा, आणि कनेक्शन छान आहे पण त्या सर्व्हरवर या ॲप-मॉड्यूल नावाचं काहीच डिप्लॉय नाही तेव्हा. म्हणून मेसेज वाचून लगेच फायरवॉलची रिक्वेस्ट टाकू नका, त्या मेसेजमध्ये ॲपचं आणि मॉड्यूलचं नाव छापलेलं असतं ते आधी डोळे उघडून वाचा.

कारण दर रिलीझला तुटणारी केस बहुतेक वेळा इथेच असते. मॉड्यूलचं नाव वेगळं दिलं नसेल तर ते जारच्या फाइलच्या नावावरून ठरतं, शेवटचं डॉट जार कापून. आणि मेव्हन हे बिल्ड टूल फाइलच्या नावात व्हर्जन घालतं. म्हणजे मागच्या महिन्यात मॉड्यूलचं नाव 'बिलिंग-ईजेबी-१.४.२' होतं आणि या शनिवारी ते 'बिलिंग-ईजेबी-१.४.३' झालं, पोर्टलच्या प्रॉपर्टी फाइलमध्ये मात्र अजून १.४.२ लिहिलेलं आहे. बिलिंगच्या टीमने एक ओळ कोड बदलला, इंटरफेसला हातही लावला नाही, तरी पोर्टल बंद. ॲपच्या नावाचंही तसंच, ते ईएआरच्या फाइलनावावरून येतं. आणि बिलिंग ईएआरमध्ये नसेल, सुटं वॉर म्हणून डिप्लॉय असेल, तर ॲपची जागा रिकामी ठेवायची असते, म्हणजे 'ईजेबी:' नंतर लगेच तिरपी रेघ, मग मॉड्यूल. ती रिकामी जागा लोक विसरतात आणि सगळी नावं एक घर सरकतात.

यावर कायमचा इलाज म्हणजे नाव फाइलवर सोडायचंच नाही. ईजेबी-जार डॉट एक्सएमएल मध्ये मॉड्यूल-नेम आणि ॲप्लिकेशन डॉट एक्सएमएल मध्ये ॲप्लिकेशन-नेम हे टॅग लिहून नाव पक्कं करा. मेव्हनमध्ये फायनलनेम बदलूनही होतं, पण ते बिल्ड करणाऱ्याच्या लक्षात राहावं लागतं, आणि ईएआर प्लगइन जारचं नाव परत स्वतःच्या पद्धतीने ठेवू शकतं, म्हणून मला डिस्क्रिप्टरमध्ये लिहिलेलंच जास्त भरवशाचं वाटतं. खात्री करायला बिलिंगचा सर्व्हर डिप्लॉय होताना जो लॉग टाकतो तो उघडा, त्यात 'जेएनडीआय बाइंडिंग्ज फॉर सेशन बीन नेम्ड' अशी ओळ असते आणि तिच्याखाली त्या बीनची सगळी नावं छापलेली असतात. तिथूनच कॉपी करायचं, अंदाजाने टाइप करायचं नाही. त्या यादीत 'जावा:जेबॉस/एक्सपोर्टेड' ने सुरू होणारी ओळ दिसत नसेल तर इंटरफेस रिमोट म्हणून जाहीरच झालेला नाही, @रिमोट राहून गेलंय, आणि मग पोर्टलच्या बाजूने काहीही करा उपयोग नाही.

वेबलॉजिक या दुसऱ्या सर्व्हरमध्ये जुनी पद्धत मॅप्डनेम (बीनला दिलेलं नाव), मग हॅश, मग इंटरफेसचं पूर्ण नाव अशी. ग्लासफिश आणि पयारा या सर्व्हरमध्ये दुसऱ्या मशीनसाठी 'कॉर्बानेम:आयआयओपी:होस्ट:३७००' आणि हॅशनंतर 'जावा:ग्लोबल' वालं नाव असं एकत्र लिहितात. सर्व्हर बदलला की हे व्याकरण बदलतं, त्यामुळे एका सर्व्हरचं उत्तर वाचून दुसऱ्यावर लावू नका.

पोर्टलच्या सर्व्हरवर कनेक्शन कुठे लिहायचं

वाइल्डफ्लायवर सर्व्हर टू सर्व्हर असेल तर जेबॉस-ईजेबी-क्लायंट डॉट प्रॉपर्टीज ही फाइल चालत नाही, ती सुट्या जावा क्लायंटसाठी आहे, ॲपमध्ये घालून ठेवली तरी कोणी वाचत नाही आणि एररही देत नाही. आत डिप्लॉय झालेल्या ॲपसाठी सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये आउटबाउंड सॉकेट बाइंडिंग, त्यावर रिमोट आउटबाउंड कनेक्शन, आणि ॲपमध्ये जेबॉस-ईजेबी-क्लायंट डॉट एक्सएमएल. ही एक्सएमएल ईएआर असेल तर ईएआरच्याच मेटा-इन्फमध्ये हवी, आतल्या वॉरमध्ये ठेवली तर वाचली जात नाही. सुटं वॉर असेल तर वेब-इन्फमध्ये.

पोर्ट बघा. जेबॉस एएस ७ मध्ये (वाइल्डफ्लायचं आधीचं नाव) रिमोटिंगचं, म्हणजे रिमोट कॉलच्या ट्रॅफिकचं, पोर्ट ४४४७ होतं, वाइल्डफ्लाय ८ पासून तेच ट्रॅफिक एचटीटीपी अपग्रेड करून ८०८० वरून जायला लागलं. कितीतरी ऑफिसांत रनबुक अजून ४४४७ सांगतं, फायरवॉलवर ४४४७ उघडं असतं, आणि सर्व्हर मात्र त्यावर ऐकतच नसतो. पोर्ट ऑफसेट १०० दिला असेल तर ८०८० चं ८१८० होतं हेही लक्षात घ्या.

अजून एक, यात एरर येत नाही म्हणून हे जास्त घातक आहे. त्याच नावाचं बिलिंग ईएआर जर पोर्टलच्या सर्व्हरवरही पडून असेल, मायग्रेशनच्या वेळचं किंवा कोणी टेस्टला टाकलेलं, तर वाइल्डफ्लाय बाहेर न जाता आधी घरातलंच बीन बोलवतो. कॉल यशस्वी, उत्तरही येतं, पण जुन्या कोडचं आणि जुन्या डेटासोर्सचं. बिलाची रक्कम चुकतेय आणि बिलिंगच्या लॉगमध्ये काहीच नाही अशी तक्रार आली की पहिलं काम म्हणजे पोर्टलच्या सर्व्हरवरची डिप्लॉयमेंट यादी बघणं. ती कॉपी काढून टाका, आणि मुद्दाम बाहेरच जायचं असेल तर त्या एक्सएमएलमध्ये लोकल रिसीव्हर वगळायचा पर्याय आहे तो लावा.

वाट: टेलनेट होतंय पण कॉल होत नाही

नेटवर्कच्या माणसाशी बोलणं साधारण असं होतं. "अहो पोर्ट ओपन आहे, मी आत्ता टेलनेट करून बघितलं." "कुठून केलंत?" "माझ्याच मशीनवरून." त्याच्या मशीनवरून ओपन असून काही फायदा नाही, पोर्टल ज्या मशीनवर चालतं तिथून, आणि जमलं तर ज्या युझरने जेव्हीएम चालतो त्याच युझरने करायला सांगा. सर्व्हर महापे-ऐरोलीकडच्या डेटा सेंटरमध्ये, आपण अंधेरीत किंवा लोअर परळला, मधे जंप सर्व्हर (ज्यातून आत शिरावं लागतं ते मशीन), अशी रचना असली की कोण कुठून तपासतंय याला फार महत्त्व येतं.

पोर्टलच्या मशीनवरूनही टेलनेट झालं आणि तरी कॉल अडकतोय, असं ग्लासफिश, वेबस्फिअर (हाही ॲप्लिकेशन सर्व्हर) किंवा साध्या आरएमआयवर (जावाच्या मूळ रिमोट कॉलच्या सोयीवर) झालं तर कारण बरेचदा एकच असतं. या सगळ्यांत पहिलं कनेक्शन फक्त चौकशीचं. उत्तरात सर्व्हर एक रेफरन्स पाठवतो आणि त्यात पुढच्या कनेक्शनसाठी स्वतःचा होस्ट आणि पोर्ट लिहून देतो. बिलिंगच्या मशीनवर ईटीसी-होस्ट्स फाइलमध्ये मशीनचं नाव १२७.०.०.१ समोर लिहिलेलं असेल तर तो रेफरन्समध्ये लोकलहोस्ट लिहितो, आणि पोर्टल बिचारं स्वतःच्याच मशीनवर ३७०० शोधत बसतं. बाहेरच्या पाहुण्याला 'जिन्याच्या डावीकडे' एवढाच पत्ता देण्यासारखं आहे हे, बिल्डिंगमध्ये राहणाऱ्याला पुरेल, विरारहून येणाऱ्याला नाही. ग्लासफिशच्या स्टॅक ट्रेसमध्ये हे स्पष्ट छापलेलं असतं, 'कनेक्शन फेल्युअर', मग 'होस्टनेम: लोकलहोस्ट', मग 'पोर्ट: ३७००'. तुम्ही दिलेला होस्ट एक आणि एररमधला होस्ट दुसरा असं दिसलं की समजायचं पत्ता परतीच्या रेफरन्समधून आलाय. मशीनला दोन नेटवर्क कार्ड असतील किंवा मधे नॅट (आयपी पत्ते बदलणारी सोय) असेल तरी असंच होतं. होस्ट्स फाइल दुरुस्त करा, आयआयओपी लिसनरला (या प्रोटोकॉलने येणारे रिमोट कॉल ऐकणाऱ्या भागाला) खरा पत्ता द्या, आणि साधं आरएमआय असेल तर जावा डॉट आरएमआय डॉट सर्व्हर डॉट होस्टनेम ही सिस्टिम प्रॉपर्टी सर्व्हरच्या बाजूला लावा. क्लायंटच्या बाजूला लावून काही होत नाही.

वेबस्फिअरला आणखी एक. २८०९ हे बूटस्ट्रॅप पोर्ट उघडलं म्हणजे झालं असं नाही, प्रत्यक्ष कॉल ओआरबीच्या (रिमोट कॉल हाताळणाऱ्या भागाच्या) दुसऱ्या पोर्टवर जातो, सिक्युरिटी चालू असेल तर तिसऱ्या. ती पोर्ट ॲडमिन कन्सोलमध्ये पक्की करून मगच फायरवॉलची रिक्वेस्ट भरा, नाहीतर रिस्टार्टनंतर पोर्ट बदललं की परत तेच.

सोमवारी सकाळचा पहिला कॉल

आता तो प्रकार ज्यात रिस्टार्टने खरंच बरं वाटतं आणि म्हणून कोणी मुळाशी जात नाही. शनिवार-रविवार किंवा गणपतीच्या सुट्टीत ट्रॅफिक नसतं, सोमवारी सकाळी पहिला ग्राहक पोर्टलवर येतो आणि स्क्रीन फिरतच राहते. थ्रेड डंप (कुठला थ्रेड काय करतोय त्याची यादी) घेतला तर थ्रेड ईजेबी कॉलच्या उत्तराची वाट बघत बसलेला. पाच-दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप सुरळीत, किंवा त्याआधीच कोणीतरी रिस्टार्ट केलेलं.

होतं काय की दोन सर्व्हरमधलं टीसीपी कनेक्शन उघडंच ठेवलेलं असतं, त्यावर बराच वेळ काही गेलं नाही की मधली फायरवॉल ते आपल्या टेबलमधून काढून टाकते, अनेक फायरवॉलवर ही मुदत एक तासाच्या आसपास असते. काढताना ती दोन्ही बाजूंना कळवत नाही. पोर्टलला वाटतं कनेक्शन जिवंत आहे, तो पॅकेट पाठवतो, फायरवॉल ते गिळते, लिनक्स परत परत पाठवत राहतो आणि डिफॉल्ट सेटिंगला साधारण १५ मिनिटांनी हार मानतो. तेवढा वेळ तुमचा थ्रेड अडकलेला. टीसीपी कीपअलाइव्ह (कनेक्शन जिवंत आहे का ते बघणारं पॅकेट) आहे ना, असं कोणी म्हणेल, पण लिनक्समध्ये तो पहिल्यांदा ७२०० सेकंदांनी म्हणजे दोन तासांनी जातो, आणि तोही ॲपने सॉकेटवर मागितला असेल तरच. तोपर्यंत फायरवॉलने कनेक्शन विसरून तास उलटलेला असतो.

इलाज दोन्ही बाजूंनी करा. कीपअलाइव्हची वेळ फायरवॉलच्या मुदतीपेक्षा बरीच कमी करा, ३०० सेकंद किंवा ६०० चालेल, आणि वाइल्डफ्लाय असेल तर रिमोट कनेक्शनवर हार्टबीटची प्रॉपर्टी आहे ती तपासा. दुसरं म्हणजे कॉलला वेळमर्यादा द्या. क्लायंटच्या एक्सएमएलमध्ये इन्व्होकेशन टाइमआउट मिलिसेकंदांत देता येतो, तो दिला नाही तर थ्रेड उत्तर येईपर्यंत थांबून राहू शकतो, आणि असे पन्नास थ्रेड अडकले की बिलिंगशी संबंध नसलेली पानंही उघडत नाहीत, पूर्ण पोर्टल खाली जातं. वेबस्फिअरच्या ओआरबीला डिफॉल्ट १८० सेकंद असतात, ग्राहकाच्या स्क्रीनसाठी तेही फारच आहेत.

पण टाइमआउट लावताना एक विचार नक्की करा. पोर्टलने ३० सेकंदांनी सोडून दिलं म्हणजे बिलिंगने काम थांबवलं असं नाही, तिकडे बिल तयार होऊन कमिटही झालेलं असू शकतं. पोर्टलने परत कॉल मारला तर दुसरं बिल. कुणाच्या तरी खात्यातून दोनदा पैसे जातात आणि ती व्यक्ती आठवडाभर फोन करत राहते, हे माझ्या दृष्टीने सर्व्हर बंद पडण्यापेक्षा वाईट आहे. म्हणून लिहिणाऱ्या मेथडला पोर्टलकडून एक युनिक रेफरन्स नंबर पाठवा आणि बिलिंगच्या टेबलमध्ये त्यावर युनिक कन्स्ट्रेंट लावा, तेच काम परत आलं तर जुनंच उत्तर परत द्या. हे आर्किटेक्टकडून मंजूर करून घ्यायला वेळ लागतो, तरी पाठपुरावा सोडू नका.

दोन सर्व्हरमधून एकच ट्रान्झॅक्शन नेत असाल तर वाइल्डफ्लायच्या स्टार्टअप लॉगमध्ये नोड आयडेंटिफायर डिफॉल्ट आहे असं सांगणारी वॉर्निंग येते का बघा, डब्ल्यूएफएलवायटीएक्स००१३. प्रत्येक सर्व्हरला वेगळं नाव लागतं, सगळ्यांचं '१' राहिलं तर क्रॅशनंतर रिकव्हरीत कोणतं अर्धवट ट्रान्झॅक्शन कोणाचं हा गोंधळ होतो.

ओळख पटत नाही

'माझ्या मशीनवर युझर-पासवर्डशिवाय चालतंय' हे डेव्हलपरचं म्हणणं खरं असतं, आणि त्याचं कारणही ठरलेलं आहे. वाइल्डफ्लायमध्ये 'जेबॉस-लोकल-युझर' नावाची पद्धत डिफॉल्टने चालू असते, त्यात सर्व्हर डिस्कवर एक छोटी फाइल लिहितो आणि क्लायंटने ती वाचून दाखवली की ओळख पटली. दोन्ही सर्व्हर एकाच लॅपटॉपवर असले तर फाइल वाचता येते. मशीन वेगळ्या झाल्या की फाइल सापडत नाही आणि स्टॅक ट्रेसमध्ये 'फेल्ड टू रीड सर्व्हर चॅलेंज' आणि त्याच्याखाली फाइलनॉटफाउंड दिसतं. लोक ती फाइल शोधायला लागतात, कोणी तर परमिशन बदलतं. फाइलचा प्रश्नच नाही, बिलिंगच्या सर्व्हरवर ॲप्लिकेशन युझर बनवा, मॅनेजमेंट युझर नाही, आणि तो पोर्टलच्या आउटबाउंड कनेक्शनला द्या. वाइल्डफ्लाय २५ मध्ये जुने सिक्युरिटी रिल्म (युझर-पासवर्ड तपासायची जुनी व्यवस्था) काढूनच टाकले, त्यामुळे त्यावर किंवा त्याच्या पुढे अपग्रेड करताना हे सगळं एलिट्रॉन या नव्या सिक्युरिटी व्यवस्थेत नव्याने लिहावं लागतं, जुनी एक्सएमएल जशीच्या तशी चालत नाही.

वेबलॉजिकवर दोन डोमेन (एकत्र चालवल्या जाणाऱ्या सर्व्हरचे गट) असतील तर ओळखीची एरर म्हणजे 'सिक्युरिटी:०९०३९८ इनव्हॅलिड सब्जेक्ट'. एका डोमेनमध्ये लॉगिन झालेला सब्जेक्ट (युझरची ओळख) दुसऱ्या डोमेनला मान्य नाही एवढंच ती सांगते. दोन्हीकडे युझरचं नाव आणि पासवर्ड सारखा आहे म्हणून चालेल असं वाटतं पण ते पुरत नाही, डोमेनमध्ये विश्वास जोडावा लागतो, एकतर दोन्हीकडे सारखं डोमेन क्रेडेन्शियल ठेवून किंवा क्रॉस डोमेन सिक्युरिटी लावून. पहिलं सोपं आहे पण त्यात एका डोमेनचा ॲडमिन दुसरीकडेही ॲडमिन ठरतो, म्हणून प्रॉडक्शनला मी दुसरंच सुचवेन. टी३ (वेबलॉजिकचा स्वतःचा प्रोटोकॉल) पोर्ट ७००१ अचानक बंद केलेलं आढळलं तर सिक्युरिटी टीमवर रागावू नका, २०१५ मध्ये टी३ वरून डीसिरियलायझेशनचा (बाहेरून आलेल्या बाइट्समधून ऑब्जेक्ट बनवण्याचा) गंभीर दोष उघड झाला, सीव्हीई-२०१५-४८५२, तेव्हापासून हे प्रोटोकॉल ठरावीक मशीनपुरतेच उघडे ठेवणं योग्यच आहे. त्यांना पोर्टलच्या मशीनचा आयपी द्या आणि तेवढाच उघडून मागा.

दर ठरावीक महिन्यांनी तुटत असेल तर पासवर्ड पॉलिसीचं कॅलेंडर बघा. सर्व्हिस अकाउंटचा पासवर्ड बदलला आणि पोर्टलला कोणी सांगितलं नाही, हे फार नेहमीचं.

क्लास जुळत नाही

'बिलसर्व्हिस कॅनॉट बी कास्ट टू बिलसर्व्हिस', दोन्ही बाजूला तेच नाव, हे पाहून नवीन माणूस चक्रावतो. जावाला क्लासची ओळख नाव आणि क्लासलोडर दोन्ही मिळून पटते. इंटरफेसचं जार ईएआरच्या लिबमध्येही आणि आतल्या वॉरच्या वेब-इन्फ लिबमध्येही असेल तर दोन लोडर तोच क्लास वेगवेगळा उचलतात. एका ॲपमध्ये जार एकाच जागी ठेवा. आणि पोर्टलला बिलिंगचं पूर्ण ईजेबी जार देऊ नका, फक्त इंटरफेस आणि डीटीओ (फक्त डेटा नेणारे क्लास) असलेलं क्लायंट जार द्या, नाहीतर बिलिंगचे बीन पोर्टलमध्येही डिप्लॉय होतात आणि वर सांगितलेला घरातल्याच बीनचा घोटाळा सुरू होतो.

इनव्हॅलिडक्लास एक्सेप्शन आणि त्यात दोन लांबलचक सिरियलव्हर्जनयूआयडी (क्लासच्या व्हर्जनचे नंबर) दिसले तर दोन्हीकडे डीटीओची वेगळी व्हर्जन आहे. नंबर स्वतः लिहिला नसेल तर तो क्लासच्या रचनेवरून काढला जातो, एक मेथड वाढवली तरी बदलतो. प्रत्येक डीटीओमध्ये तो स्वतः लिहा, मग एखादं फील्ड वाढलं तरी जुना क्लायंट चालत राहतो.

हायबरनेट या डेटाबेस लायब्ररीची एंटिटी (टेबलच्या ओळीशी जोडलेला ऑब्जेक्ट) थेट रिमोट मेथडमधून परत देऊ नका. यादीच्या जागी हायबरनेटची पर्सिस्टंटबॅग जाते, पोर्टलकडे ते जार नसतं, क्लासनॉटफाउंड. एक्सेप्शनचंही तेच, बिलिंगने ओरॅकल ड्रायव्हरचं एक्सेप्शन 'कॉज' म्हणून आत ठेवून फेकलं आणि पोर्टलकडे तो ड्रायव्हर नाही, तर पोर्टलच्या लॉगमध्ये क्लासनॉटफाउंड दिसतं आणि मूळ चूक, समजा कॉलमची लांबी कमी पडली, ती कळतच नाही. अशा वेळी त्याच सेकंदाचा बिलिंगचा लॉग उघडा. लोक पोर्टलच्या लॉगमध्येच तासन्‌तास खणत बसतात.

जावा ११ वर नेल्यावर पोर्टेबलरिमोटऑब्जेक्ट सापडत नाही म्हणून सुटा क्लायंट पडला तर ते अपेक्षितच आहे, २०१८ मध्ये जावा ११ मधून कॉर्बाचे (जुन्या रिमोट कॉल पद्धतीचे) मॉड्यूल काढले गेले. ईजेबी ३ चा इंटरफेस असेल तर त्या क्लासच्या 'नॅरो' मेथडची गरजच नाही, साधा कास्ट करा. एक बाजू जकार्ता ईई ९ वर किंवा पुढे गेली (जिथे जावाएक्स पॅकेजची नावं जकार्ता झाली) आणि दुसरी जुन्या जावाएक्स पॅकेजवर राहिली असेल तर मात्र क्लायंट जारमध्ये ईजेबीएक्सेप्शनसारखे कंटेनरचे क्लास मेथडच्या सहीमध्ये येऊ देऊ नका, आपले स्वतःचे एक्सेप्शन ठेवा, दोन्ही बाजू एकाच रात्री अपग्रेड होणं मोठ्या ऑफिसात शक्य नसतं.

'हे सगळं फेकून रेस्ट (एचटीटीपीवरचे एपीआय) करूया' असं प्रत्येक मीटिंगला कोणीतरी म्हणतं. नवीन काम असेल तर करा, माझा विरोध नाही. पण चालू सिस्टिममध्ये फक्त लोड बॅलन्सर किंवा फायरवॉलचा त्रास आहे म्हणून तसं ठरवत असाल तर आधी बघा, वाइल्डफ्लाय ११ पासून ईजेबी कॉल साध्या एचटीटीपीवरून नेता येतो, पत्त्याच्या शेवटी 'वाइल्डफ्लाय-सर्व्हिसेस' लावून, कोड जवळपास तोच राहतो. वेळमर्यादा, दुबार बिल आणि डीटीओच्या व्हर्जनचे प्रश्न रेस्टमध्येही तसेच येतात.

दर रिलीझला करायची एक गोष्ट अजून राहिली. बिलिंगच्या रिमोट इंटरफेसमध्ये एक 'पिंग' मेथड ठेवा जी डेटाबेसला हात न लावता फक्त आपलं व्हर्जन, होस्टचं नाव आणि कोणत्या युझरने बोलवलं ते परत देते. डिप्लॉयमेंट झाली की पोर्टलच्या सर्व्हरवरून, पोर्टलच्याच कनेक्शनने ती मारायची, क्लस्टर असेल तर प्रत्येक नोडवरून. उत्तरातला होस्ट बिलिंगचा आहे का आणि व्हर्जन आजचं आहे का हे रिलीझ करणाऱ्याने बघून चेंज रिक्वेस्टमध्ये चिकटवायचं, आणि ते चिकटवल्याशिवाय ब्रिज कॉल (रिलीझच्या वेळी सगळे जोडलेले असतात तो फोन) बंद करायचा नाही.